चाचांचा चोर-दिवस

ज्या घरात अंडं आणलंच तर ते बाल्कनीत वेगळ्या शेगडीवर शिजतं, त्या घरातल्या बाईने तित्तर मारायचे नियम लिहिले, हे सांगितलं की माझ्या माहेरचे लोक आधी पोट धरून हसतात आणि मग काळजीने विचारतात, "पण पगार देतात ना गं?" देतात. बहारीनमध्ये माणसाला कशाकशाचा पगार मिळतो हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

आमची कंपनी छोटी. लोकांना नियम लिहून द्यायचे, हा धंदा. पोहण्याच्या तलावाचे नियम, गोदामाचे नियम, आग लागली तर कोणी कुठल्या जिन्याने पळायचं याचे नियम. इतरांनी ठरवायचं आणि मी ते सरळ वाक्यात मांडायचं, एवढंच माझं काम. मला स्वतःला तलावात उतरायची भीती वाटते आणि आमच्या इमारतीचा मागचा जिना मी अजून पाहिलेला नाही. तरी नियम मात्र माझे उत्तम असतात.

अशात एक मोठं व्यापारी घराणं आमच्याकडे आलं. दक्षिणेकडे वाळवंटात त्यांचं कुंपण घातलेलं रान होतं. बोरीची झुडपं, गवत, पाण्याची सोय आणि त्यात वाढवलेले तित्तर. सरकारी परवाने त्यांनी आणलेलेच होते. त्यांना हवे होते त्या रानापुरते घरचे नियम. शिकार कुठल्या महिन्यात उघडायची, कधी बंद करायची, एका पाहुण्याने किती पक्षी घ्यायचे, कुत्रा न्यायचा की नाही. आमच्या साहेबांना तित्तर आणि कोंबडी यांतला फरक सांगता आला नसता, म्हणून त्यांनी चाचांना नोकरीवर घेतलं.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. तरुणपणी आखातात आले आणि इकडच्या निरनिराळ्या पक्षिपालन केंद्रांत त्यांची हयात गेली. मला भेटले तेव्हा साठी ओलांडून गेली होती. मनामाच्या नईम भागात मुलीच्या घरी राहायचे. जावई, दोन नाती आणि चाचा. त्यांचा व्हिसा आता दर वर्षी आमच्या कंपनीच्या पत्रावर वाढणार होता, आणि ते पत्र या तित्तरांच्या कामावर अवलंबून होतं. काम गेलं तर चाचा श्रीवर्धनला, नाती इथे, असा सरळ हिशेब. पण त्यांच्याकडे बघून कोणाला तो सुचला नसता. ऑगस्टमध्येसुद्धा एसीसाठी लोकरीची कानटोपी घालून, अत्तराचा घमघमाट सोडत ते ऑफिसात शिरायचे ते अशा थाटात, की मालक कोण असा नव्या माणसाला प्रश्न पडावा.

'मला वाटतं' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. वाटायचं ते इतरांना. चाचांना माहीत असायचं. एकदा रानाकडे जाताना गाडी मी चालवत होते आणि ते शेजारी बसून वाट दाखवत होते. बराच वेळ गेला आणि समोर समुद्र आला.

"चाचा, आपण चुकलो."

"आपण नाय चुकलो, ताई. रस्ता चुकलाय. हा इकडं यायलाच नको होता."

आणि खिडकीची काच खाली करून त्यांनी समुद्राकडे असं पाहिलं, की समुद्रानेच आता माफी मागावी.

माझी आणि त्यांची पहिली चकमक माझ्या हुशारीवरून झाली. नियम लिहायचे म्हणून मी परदेशातले तसले नियम इंटरनेटवरून उतरवून घेतले होते आणि त्यातलं एक कलम मला फार आवडलं होतं. फक्त नर मारावा, मादीला हात लावू नये. वाचतानाच पुण्य लागल्यासारखं वाटलं. मी ते घोटून घोटून सुंदर केलं आणि चाचांपुढे ठेवलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचलं.

"ताई, हा विलायती फेझंट पक्ष्याचा नियम हाय. त्याचा नर एक मैलावरनं कळतो, नवरदेवासारखा नटलेला. आपला तित्तर आणि तित्तरीण एकाच ताग्यातनं शिवलेली. फरक काय, तर नराच्या पायाला मागं काटा असतो. आता पक्षी भुर्रकन उडाला, शिकाऱ्यानं त्याचा पाय बघायचा कधी? तो काय चपलांच्या दुकानात बसलाय?"

"पण वाचायला किती छान वाटतं," मी म्हटलं.

"छान वाटतं म्हणून तर नको. जो नियम मी मोडला आणि तुम्ही मना पकडू शकला नाय, तो नियम नाय. ती नुसती विनंती."

आणि यातूनच तो प्रकार निघाला, ज्यामुळे आमचं ऑफिस त्या मजल्यावर बदनाम झालं. त्यांचा चोर-दिवस.

कुठलाही नियम कागदावर पक्का व्हायच्या आधी चाचा एक दिवस स्वतः चोर व्हायचे. आम्ही सगळे पहारेकरी. त्यांनी नियम मोडायचा, आम्ही पकडायचं. पकडलं तर नियम पास, निसटले तर कलम रद्द. पहिल्या चोर-दिवशी नियम होता तो एका पाहुण्याने किती पक्षी न्यायचे याचा. फाटकावर पिशवी तपासायची, असं मी लिहिलं होतं. ऑफिसचा दरवाजा झाला फाटक, मी झाले पहारेकरीण, आणि तित्तर म्हणून चाचांनी गुदैबियातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून बटाटे आणले.

संध्याकाळी चाचा निघाले. मी पिशवी तपासली. ठरल्याइतकेच बटाटे. खिसे तपासले. एक बटाटा कानटोपीत सापडला आणि मी जी आरोळी ठोकली ती लिफ्टपर्यंत गेली. मग थर्मास उघडायला लावला. त्यात दुसरा. जेवणाच्या डब्यात भाताखाली तिसरा. मी अगदी फुशारून गेले. नवऱ्याला फोन करून सांगणार एवढ्यात चाचा दाराबाहेरून म्हणाले, "ताई, साहेबांना जाऊ दिलंत तुम्ही."

आमचे साहेब लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून माझ्यासमोरूनच गेले होते. मी उलट त्यांना दार उघडून दिलं होतं. खाली पार्किंगमध्ये त्यांची बॅग उघडली तर लॅपटॉपखाली बटाटेच बटाटे. साहेब हे बेळगावकडचे, अतिशय सरळ गृहस्थ. "मला वाटलं आज बॅग जड का लागतेय," एवढंच ते म्हणाले.

"बघितलं? फाटकावर चोराची झडती होते. यजमानाची कोण घेणार?" चाचांनी ते कलम स्वतःच्या हाताने खोडलं. त्याच्या जागी आलं ते असं, की पक्षी पडला की पुढची गोळी भरायच्या आधी त्याच्या पायाला पट्टी बांधायची. पट्ट्या मोजक्याच मिळणार. बिनपट्टीचा पक्षी कुठेही, कोणाच्याही बॅगेत सापडला तरी चोरीचा. दुसऱ्या दिवशी आम्ही बटाट्यांना सुतळ्या बांधत बसलो होतो. माझी मुलगी शाळेतून परस्पर तिथे आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, इज धिस युअर अ‍ॅक्च्युअल जॉब?"

हे वेड घरीही आलं. दिवाळीच्या फराळाला चाचा आले होते. करंजी खाल्ली, डोळे मिटले आणि निकाल दिला की चिवडा बारमाही चालेल, पण करंजीला हंगाम आणि माणशी मर्यादा पाहिजे, नाहीतर वंश बुडेल. माझ्या नवऱ्याला, जो एरवी ऑफिसातून आल्यावर सोफ्याचा एक भाग होऊन राहतो, त्याला यात एकदम रस उत्पन्न झाला. पुढचे काही दिवस करंज्या घटत गेल्या आणि चोर काही सापडेना. शेवटी भिंतीला खिळा ठोकायचा म्हणून मी ड्रिलची पेटी काढली तर बिट्सच्या कप्प्यांत करंज्या, एकेका कप्प्यात एकेक, नीट बसवलेल्या. मी चाचांना फोन लावला. ते इतके खूश झाले की नवऱ्याला फोन द्यायला लावला.

"जावईबापू, ड्रिलची पेटी आपल्यालाबी सुचली नसती. तुम्ही आपल्या धंद्यात या."

तेव्हापासून नवऱ्याचा चाचांवर जीव. माझ्या माहेरच्या कोणाला इतक्या प्रेमाने त्याने कधी जेवायला बोलावलेलं नाही.

तर नियम असे एकेक करून होत आले. राहिला तो हंगाम, आणि खरी गाठ तिथेच पडली.

रानाचे मालक धिप्पाड, हसरे गृहस्थ. आखाती हिंदी फर्डी बोलायचे आणि चाचांना 'उस्ताद' म्हणायचे. त्यांच्या बैठकीत गालिच्यावर बसून आम्ही कॉफी पीत होतो. चाचांनी सांगितलं, जानेवारी संपला की शिकार बंद.

मालक हसले. "उस्ताद, माझे परदेशी भागीदार मार्चमध्ये येतात. मी त्यांना शब्द दिलाय. मार्च उघडा ठेवा."

"मार्चात तित्तर जोडीनं असतात, मालक. अंड्यावर बसतात."

"एक महिना फक्त."

"त्यांच्या संसारालाबी तेवढाच महिना हाय."

आमच्या साहेबांनी चाचांना गुडघ्याने ढोसलं. ते मला लागलं. मालकांचं हसू तसंच होतं, पण कॉफीचा पेला त्यांनी हलवून परत दिला, म्हणजे आता पुरे. उठताना ते साहेबांना म्हणाले की नियम लिहिणारे बहारीनमध्ये आणखीही आहेत.

खाली आल्यावर साहेब इंग्रजीत बोलले. ते इंग्रजीत गेले की समजावं, विषय व्हिसाचा आहे. क्लायंट गेला तर तुमच्या रिन्यूअलचं पत्र मी कशाच्या आधारावर देऊ, असा त्याचा मथितार्थ होता.

चाचा म्हणाले, "मार्च उघडा असेल तर माझी सही नाय."

"चाचा, जरा विचार करा," साहेब मराठीवर आले. "नाती आहेत तुमच्या इथे."

"हायेत ना. म्हणून तर खोटी सही करत नाय. मोठ्या झाल्या की विचारतील."

परतताना गाडीत मी मनातल्या मनात व्हिसाच्या तारखा मोजत होते. चाचा मात्र कानटोपी सारखी करत निवांत बसले होते.

"मालक ऐकणार, ताई."

"तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री नाय. माहिती हाय."

आठवड्याभरात मालकांकडून निरोप आला आणि तो फार समजूतदार होता. मार्चमध्ये जोडी दिसली तर सोडून द्यायची, फक्त एकटा पक्षी मारायचा. ज्याचा संसारच नाही त्याला मारलं तर काय बिघडलं? साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. मी ते कलम लिहिलं आणि खोटं कशाला बोला, झकास लिहिलं. वाक्याला तोल होता, दया होती, पाहुण्यांची सोय होती.

चाचांनी वाचलं. "चांगलं उतरलंय," म्हणाले. "आता चोर-दिवस करा. रानात, मार्चातच. पण ह्या खेपेला चोर मी नाय. मालक."

साहेबांचा चेहरा बटाट्याच्या दिवशी झाला नव्हता इतका पांढरा झाला. पण मालकांना विचारलं तर ते लगेच तयार. आयुष्यभर ज्यांनी नुसता हुकूम सोडला, त्यांना कोणी आपणहून चोर व्हायला बोलावलं नव्हतं.

मार्चमधल्या त्या सकाळी आम्ही चौघे रानात होतो. मालक, चाचा, साहेब आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली मी. बंदुका रिकाम्या. खेळ असा, की मालकांनी जोडीतल्या पक्ष्यावर नेम धरून घोडा दाबायचा आणि तो एकटाच होता असं मला पटवायचं. मला पटलं नाही तर मी शिट्टी वाजवायची. पटलं आणि तरी तो जोडीचा निघाला, तर चोर जिंकला, कलम रद्द.

थंडी अजून हवेत होती. चारी बाजूंनी तित्तर ओरडत होते, जणू कोणीतरी घाईघाईने काहीतरी किसतंय. थोडं पुढे गेलो आणि दोन पक्षी फडफडले. मालकांच्या बंदुकीचा खट् आवाज झाला. "एकटा!" ते ओरडले.

मी शिट्टी फुंकली. "दुसरा तिकडे गेला. पाहिला मी."

मालक लहान मुलासारखे हसले. पुढच्या जोडीलाही मी पकडलं. मग मला चढलंच. बटाट्यांची अब्रू आज भरून निघणार असं वाटायला लागलं. साहेबही खुलले. असंच चाललं तर कलम पास होणार, मार्च उघडा राहणार, पत्र मिळणार. मी चाचांकडे बघून हसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते झुडपं बघत होते.

मग एका बोरीजवळून एक पक्षी उठला. एकच. मालकांनी शांतपणे नेम धरला, घोडा दाबला आणि बंदूक खाली केली.

"हा तर खरंच एकटा होता," ते म्हणाले. "यात चोरी नाही."

मी सगळीकडे पाहिलं. दुसरा पक्षी उठला नव्हता. मी शिट्टी तोंडातून काढली. "बरोबर. नियमाप्रमाणे."

"ताई, शिट्टी वाजवा," चाचा म्हणाले.

"अहो, पण एकटाच होता!"

चाचा त्या बोरीकडे गेले, वाकले आणि एकदम जागीच थांबले. मग आमच्याकडे न बघता त्यांनी मागे हात केला. आवाज अगदी खाली आला होता. "आता नका वाजवू. उठेल ती."

आम्ही पाय न वाजवता जवळ गेलो. मला आधी नुसतं गवत आणि वाळकी पानं दिसली. मग त्या पानांत एक डोळा दिसला. तित्तरीण बसली होती, जमिनीला इतकी चिकटून की तिच्यावरची नक्षी कुठे संपते आणि बोरीची सावली कुठे सुरू होते ते कळू नये. पंखाखालून एका अंड्याची कड दिसत होती. चार मोठी माणसं तोंडाशी आली तरी ती हलली नाही.

चाचा कुजबुजले, "मार्चात एकटा फिरतो तो ब्रह्मचारी नाय, मालक. घरधनी असतो. बाई घरात बसलेली असते."

मालक धुळीत गुडघे टेकून बसले. त्यांचा पांढराशुभ्र पायघोळ थोब काट्यांना अडकला तरी त्यांनी सोडवला नाही. बराच वेळ ते त्या डोळ्याकडे बघत राहिले आणि तो डोळा त्यांच्याकडे.

"मी चोरी केली," ते हळूच म्हणाले, "आणि मलाच कळलं नाही."

"मनाबी कळलं नाही," मी म्हटलं. मी कधी चाचांसारखी बोलायला लागले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

आम्ही तसेच मागे सरत गाड्यांपाशी आलो. साहेबांनी धीर करून विचारलं, "मग पाहुण्यांचं काय करायचं?"

"पाहुण्यांना जेवायला घालू," मालक म्हणाले. "बोकड आहेत ना माझ्याकडे. उस्ताद, जानेवारीला बंद लिहा. आणि सही तुमची. पुढच्या वर्षी रानावर नजर ठेवायला कोण आहे, तेही त्यात लिहा. मला दुसरा माणूस नको." मग साहेबांकडे वळून, "यल्ला, पत्र तयार करा यांचं."

एरवी चाचांनी इथे भाषण केलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

हायवेला लागल्यावर मला राहवेना. "चाचा, तुम्ही आधी येऊन ते घरटं बघून ठेवलं होतं ना?"

"नाय."

"मग कसं कळलं?"

"तीन दिवस रोज आलो होतो. एकबी घरटं सापडलं नाय. ही बोर तर बघितलीच नव्हती."

"म्हणजे तिथे नसतं तर?"

"एकटा उडाला म्हणजे जोडीदारीण कुठंतरी हाय, एवढं माहीत होतं. कुठं ते तिनं ठरवलं."

मी गाडीचा वेग कमी केला. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना तो कानाला लावण्यापेक्षा स्पीकरवर टाकून, हातात धरून ओरडायची सवय होती, त्यामुळे मुलीचा आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"अब्बा, काय झाला? ह्या बॅगांना कुलपं लावून ठेवू काय? का अजून काय भरायचा हाय?"

मी समोर रस्त्याकडेच बघत राहिले. चाचांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. कानटोपीखाली त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांत त्यांची 'माहिती' ऐकून मी निर्धास्त झोपत होते, आणि नईममधल्या त्या खोलीत बॅगा भरून तयार होत्या.

"कुलपं नको लावू," ते म्हणाले. "उघड."

"सगळ्या?"

"सगळ्या. कपडे कपाटात लाव परत."

पलीकडे एका बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग मागून धाकट्या नातीची हाक आली, "मम्मा, इज नाना स्टेइंग?"

"बोल तिला, राहतो हाय. एक वर्ष."

"आणि मग, अब्बा?"

चाचांनी खिडकीबाहेर, आम्ही सोडून आलो त्या वाळवंटाच्या दिशेने पाहिलं आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा केला.

"मग काय? पुढच्या मोसमाला मालक नवा काहीतरी हट्ट धरेल, इंशाल्ला."